नादारीचा अर्ज करू का? दौंडच्या दादाची एक्सेल शीट

ईएमआयवरचा भाग झाल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "चार-पाच वर्षं कर्ज थकलंय. सरळ दिवाळखोरी जाहीर केली तर सुटतो का?" आजचा भाग त्यावर. मी वकील नाही, सॉफ्टवेअरवाला आहे, शिरूरचा. पण हा प्रश्न माझ्या घरातच आला होता. ज्याची गोष्ट आहे त्याला विचारून सांगतोय, फक्त नाव घेत नाही. आपण त्याला दादा म्हणू.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. दौंडला त्याचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान होतं. २०१९ ला माल भरायला पर्सनल लोन काढलं. लॉकडाउनमध्ये शटर खाली गेलं ते गेलंच. ऑगस्ट २०२० पासून हप्ते थांबले. आता तो कुरकुंभ एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर आहे, पगार २२,००० रुपये.

एका रात्री त्याचा फोन आला. "अरे, नादारीचा अर्ज करायचाय. एकदाचं दिवाळं काढतो आणि मोकळा होतो. तुला कॉम्प्युटरचं कळतं, तेवढा फॉर्म भरून दे."

मला वाटलं, असेल कुठेतरी पोर्टल. बघायला बसलो आणि पहिला धक्का बसला. २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता आपण बातम्यांत ऐकतो ना, ती कंपन्यांना लागू झाली. तुमच्याआमच्यासाठी तिच्यात वेगळा भाग आहे, पण मी हे बोलतोय तोवर तो सामान्य कर्जदाराला लागू झालेला नाही. डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना. म्हणजे दौंडच्या दादाला कायदा कुठला? १९२० चा, प्रांतिक नादारी कायदा. मुंबई शहरासाठी त्याहून जुना, १९०९ चा. अर्ज जिल्हा न्यायालयाकडे करायचा आणि अट काय, तर देणं निदान ५०० रुपये पाहिजे! तेव्हाचे ५००.

शनिवारी न्हावरा-चौफुलामार्गे दौंडला गेलो. मावशीने कपाटावरून साडीच्या दुकानाची एक पिशवी काढली. त्यात ३१ पाकिटं होती. त्यातली २६ फोडलेलीच नव्हती. दादा म्हणाला, "पाकीट दिसलं की पोटात गोळा येतो रे. म्हणून वर टाकत गेलो."

आम्ही एकेक फोडत गेलो आणि मी शीट भरत गेलो. मुद्दल धरून पर्सनल लोनचे ३,४०,०००. क्रेडिट कार्डाचे ८५,०००. तीन अ‍ॅपचे मिळून ६०,०००. एका सावकाराचे १ लाख. आणि आमच्या मामाचे दीड लाख, हातउसने, कागद काही नाही. एकूण ७,३५,०००.

दादा एकूण आकड्याकडे बघत होता. मी त्याला म्हटलं, एकूण बघू नको, एकेक ओळ बघ. कारण पाचही कर्जांची तब्येत वेगळी होती.

कार्ड आणि अ‍ॅपचं आधी घेऊ. पैशाच्या वसुलीचा दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. त्यात कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मोजणीतून वगळला. म्हणजे दादाचं घड्याळ १ मार्च २०२२ ला सुरू झालं आणि ढोबळ हिशोबाने फेब्रुवारी २०२५ अखेर थांबलं. तोवर कुणी कोर्टात गेलं नव्हतं. आता लक्ष द्या. मुदत संपली म्हणजे कर्ज माफ झालं असं नाही. फोन येतील, सिबिलवर डाग राहील. पण दावा लावून वसूल करणं त्यांना अवघड. मात्र मुदत संपायच्या आत तुम्ही सही करून लेखी कबुली दिली किंवा थोडी रक्कम भरली, तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून चालू होऊ शकतं. आणि मुदत संपल्यावर "देतो" असं नव्याने लिहून सही केली, तर तेही अंगावर येतं. म्हणून "आज फक्त ५०० भरा" असा गोड फोन आला की आधी तारखा बघा.

सावकाराकडे परवाना नव्हता. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याने विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे, सहकार खात्यात करायची. आणि व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही, आपला जुना दामदुपटीचा नियम.

मग आलं चोविसावं पाकीट. आत लवादाचा निवाडा. पर्सनल लोनच्या कंपनीने लवाद नेमला होता, नोटिसा आल्या होत्या, दादा गेलाच नाही आणि निकाल विरुद्ध लागला. असा निवाडा रद्द करून मागायला तीन महिने असतात, फार तर वर तीस दिवस. ते कधीच उलटून गेले होते. असा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येतो, तोही बारा वर्षांपर्यंत. दादा पाच मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे एक जरी वेळेवर फोडलं असतं..."

मी म्हटलं, चल, आता नादारीचा अर्ज खरंच करून बघू, कागदावर. आम्ही दौंडच्या एका वकील मॅडमना भेटलो.

त्यांनी आधी फायदा सांगितला, आणि तो खरा आहे. कोर्टाने नादार ठरवलं की तारण नसलेला कुणी कोर्टाच्या परवानगीशिवाय नवा दावा लावू शकत नाही. शेवटी सुटकेचा हुकूम मिळाला की बहुतेक जुनी देणी संपतात. सरकारी देणं, फसवणूक करून घेतलेलं कर्ज आणि पोटगी मात्र राहते.

मग किंमत सांगितली. सगळी देणी, सगळी मालमत्ता अर्जात लिहायची आणि ती कोर्टाच्या हवाली करायची. भांडीकुंडी, कपडे, कारागिराची हत्यारं, भविष्य निर्वाह निधी यांना संरक्षण आहे. पण दादाचं नाव वडिलांमागे वीस गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर लागलंय, मावशी आणि ताईबरोबर. त्यातला त्याचा हिस्सा गेला असता. सुटका होईपर्यंत नव्याने काही मिळालं तर तेही. नादार असल्याचं न सांगता ५० रुपयांची उधारी केली तरी गुन्हा. आणि मालमत्तेतून रुपयाला आठ आणेसुद्धा निघत नसतील, तर त्यात आपला दोष नव्हता हे पटवून द्यावं लागतं, नाहीतर विनाशर्त सुटका नाही.

दादाला चहाच्या टपरीवर कुणीतरी सल्ला दिला होता, "आधी ताईच्या नावे हक्कसोड कर, मग अर्ज टाक." मॅडम हसल्या. नादार ठरण्याआधीच्या दोन वर्षांत असं फुकट दिलेलं कोर्ट रद्द करू शकतं. वर नियत खोटी दिसते.

दादाने शेवटी विचारलं, "मामाचं काय?"

मॅडम म्हणाल्या, "मामांकडे कागद नाही, मुदतही गेलेली. अर्ज केला तर ते रांगेतही उभे राहणार नाहीत. आणि अर्जाआधी तीन महिन्यांत त्यांना गुपचूप पैसे दिले, तर ते परत मागवले जाऊ शकतात."

गंमत बघा. कायद्याच्या हिशोबात मामाचं कर्ज सगळ्यात आधी मेलं. दादाच्या हिशोबात तेच सगळ्यात जिवंत होतं. मामांनी बैलजोडी विकून ते पैसे दिले होते.

तिथे दादाचं ठरलं. अर्ज नाही, निदान आता नाही. खरं जिवंत संकट एकच होतं, तो निवाडा. पगारावर जप्ती आली तर किती जाईल, तेही आम्ही मांडलं. पहिले १,००० आणि उरलेल्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे १५,००० सुरक्षित. धरता येतील ते ७,०००, आणि एका हुकूमनाम्यापोटी जास्तीत जास्त २४ महिने. पण जमिनीचा हिस्सा उघडा आहे, म्हणून कंपनीशी तडजोडीची बोलणी चालू आहेत, जे ठरेल ते लेखी घेऊन. पैसे नाहीत एवढ्यावरून तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितलंय, हे ऐकून मावशी त्या रात्री जेवली. तिला पाच वर्षं तेच वाटत होतं.

मामाला दर महिन्याला ३,००० जातात. पहिल्यांदा दिले तेव्हा मामा म्हणाले, "पैशाचं राहू दे, तू पाच वर्षं घरी का आला नाहीस?"

परत येताना मला शाळेतला धडा आठवला. हे सगळं आपल्याच भागात एकदा घडून गेलंय. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूरजवळच्या करड्यात सावकाराच्या हुकूमनाम्यावरून ठिणगी पडली आणि गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ ला तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात, आजच्या बारामतीच्या सुप्यात, लोकांनी खतं-रोखे जाळले. नगर रोडवरचं सुपं नाही हां हे. त्यानंतर १८७९ ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. कोर्टाने रोख्यामागचा खरा हिशोब तपासायचा, कर्जापायी शेतकऱ्याला कैद नाही आणि नादारीचा अर्जही करता येईल. त्या लोकांना कागद वाचता येत नव्हता, म्हणून त्यांनी तो जाळला. आपल्याला वाचता येतो, तरी आपण तो कपाटावर टाकतो.

म्हणून नादारीचा अर्ज करू का, याचं माझं उत्तर असं. अनेक हुकूमनामे अंगावर असतील, जप्त्या सुरू असतील, नावावर काही नसेल आणि कुणी तडजोडीला तयार नसेल, तर जरूर विचार करा. तो तुमचा हक्क आहे, त्यात लाज नाही. पण सगळी पाकिटं फोडल्याशिवाय ठरवू नका. प्रत्येक कर्जापुढे तीन गोष्टी लिहा: शेवटचा हप्ता कधी भरला, कोर्टाचा किंवा लवादाचा कागद आला का, चेक दिला होता का. चेक बाउन्सचं प्रकरण फौजदारी असतं, ते वेगळं सांभाळावं लागतं. मग ती यादी घेऊन तालुका कोर्टात जा. वकील परवडत नसेल तर तिथल्या विधी सेवा समितीत विचारा.

आणि आज रात्री एक करा. तुमच्या घरातही कपाटावर अशी पिशवी असेल, तर ती खाली घ्या. एकट्याने नको, कुणाला तरी शेजारी बसवा.

भेटू पुढच्या भागात.