रकमेइतकीच तारीख महत्त्वाची



 सरकारी खर्च आणि घरखर्च या विषयावर बोलताना मी आपल्याच महाराष्ट्रात जन्मलेल्या रोजगार हमी योजनेकडे वळतो. सरकारचा रुपया घरात कसा शिरतो, हे तिथे जितके उघड दिसते तितके क्वचितच कुठे दिसते.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 साली सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला या कल्पनेचा प्रयोग केला. पुढे 1972 चा दुष्काळ आला. 1973 च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसे होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते यांवर राबून मिळालेल्या मजुरीने गावच्या बाजारात धान्य ओढून आणले. हातात पैसा नसता, तर व्यापाऱ्याने तिकडे पोते पाठवले नसते. त्या अनुभवातून 1977 चा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला.

या हमीचा खर्च कुणी उचलायचा, हे कायद्याआधीच ठरले होते. त्यासाठी 1975 पासून व्यवसाय कर सुरू झाला. त्यात राज्याने आपली भर घालायची होती. आजही अनेकांच्या पगारपत्रकावर महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापलेले दिसतात. वर्षाचे 2500 रुपये. कापला जाणारा पैसा कशासाठी जातो, हे करदात्याला ठाऊक असेल तर तो त्याचा हिशेबही मागतो. म्हणून करामागचे कारण लोकांना पुन्हा पुन्हा सांगत राहणे मला फार मोलाचे वाटते.

मात्र आपण अभ्यासक बहुधा रकमेवर थांबतो: तरतूद किती, खर्च किती, मनुष्यदिवस किती. मजुराच्या घरात त्याहून मोठा प्रश्न असतो, पैसे कधी येणार? 2005 च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने हजेरीपट बंद झाल्यापासून 15 दिवसांत मजुरी देण्याचे बंधन घातले. उशीर झाला तर भरपाई ठरवली दिवसाला 0.05 टक्के, म्हणजे हजारामागे 50 पैसे. महिनाभर मजुरी रखडली तर हजाराला 15 रुपये. तोच हजार शेकडा 3 रुपये दराने कर्जाऊ घेतला, तर महिन्याला 30 रुपये व्याज जाते. सरकारच्या उशिराची निम्मी किंमत मजूर स्वतःच्या पोटातून भरतो.

हा भार त्याच्या घरापाशी थांबत नाही. मजुरी थकली की किराणा उधारीवर जातो. वहीत नावे चढत जातात, दुकानदार तालुक्याच्या ठोक व्यापाऱ्याचे पैसे थकवतो आणि शेवटी तेल, डाळ कमी भरतो. याच योजनेतून होणाऱ्या सिंचन विहिरीचेही तसेच. खोदाई झाली, बांधकामाचे बिल अडकले, तर शेतकऱ्याला खडी-सिमेंटसाठी स्वतः कर्ज काढावे लागते. कागदावर सरकारी खर्च झालेला असतो, गावात मात्र कर्ज वाढलेले असते. वेळेवर आलेली मजुरी याच दुकानांतून फिरते आणि आठवडी बाजार भरता ठेवते.

म्हणून माझी आग्रहाची मागणी आहे. सरकारने कोणतीही हमी देताना पैसे पोचण्याची तारीखही बांधून द्यावी, आणि उशिराची भरपाई मजुराला प्रत्यक्ष भराव्या लागणाऱ्या व्याजापेक्षा कमी नसावी. तसे झाले, तर उशीर करणे सरकारलाच महाग पडेल.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या महाविद्यालयाजवळचे एक गाव निवडा. काम कधी संपले, मजुरी कधी आली, मधल्या दिवसांत घर कशावर चालले, याची वर्षभर नोंद ठेवा. जिल्ह्याजिल्ह्यांतून अशा नोंदी जमल्या, की अर्थसंकल्पाच्या चर्चेत मजुराची बाजू आपण आकड्यांनिशी मांडू शकू. ते आपल्या विषयाचे कर्तव्य आहे, असे मी मानतो.