प्रत काढली, पण उघडली काय?

डीस्पेस या संगणकीय ग्रंथसंग्रहात फाइली एका जागी राहतात. त्यांचे नाव, कर्ता, वर्ष पोस्टग्रेस या माहितीकोशात. फाइलीवर केवळ लांबलचक आकडा! माहितीकोश गेला, की जनरल रजिस्टर जळालेल्या शाळेसारखी गत: मुले समोर, जन्मतारखा नाहीत. म्हणून आधी माहितीकोशाची, मग फाइलींची प्रत काढून अन्यत्र ठेवावी.

तेवढ्यानेही भागत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब कंपनीत चुकीच्या यंत्रावरील माहिती पुसली गेली. नित्याच्या प्रती शोधल्या, तो त्या निघतच नव्हत्या. प्रत काढणारी आज्ञावली जुन्या आवृत्तीची होती, आणि अपयशाची सूचनापत्रेही पोहोचत नव्हती. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेल्या प्रतीने संग्रह वाचला. मधल्या नोंदी गेल्या. नित्याची प्रत एकदा कोऱ्या यंत्रावर उतरवून पाहिली असती, तर हे आधीच कळले असते.