युद्धातली पोरं आणि पडदा



या चित्रपट संमेलनाचा अध्यक्ष म्हणून हाताशी असलेला वेळ मी एकाच विषयाला देणार आहे: युद्धात वयात येणारी मुलं.

युद्धपटांची एक मळलेली वाट आहे. मिसरूड फुटलेला पोरगा आघाडीवर जातो, रक्त बघतो आणि 'मर्द' होऊन परततो. ही गोष्ट खोटी आहे, असं माझं ठाम मत आहे. युद्ध मुलांना मोठं करत नाही, म्हातारं करतं. एलेम क्लिमोव यांचा 1985चा 'कम अँड सी' पाहा. बेलारूसमधला फ्ल्योरा वाळू उकरून बंदूक मिळवतो आणि नाझींशी गनिमी लढणाऱ्या पार्टिझनांत सामील होतो. आई रडते, हात जोडते. हा मात्र हरखलेला. चित्रपट संपतो तेव्हा त्याच पोराच्या चेहऱ्यावर सुरकुत्या असतात. ही भूमिका करणारा अलेक्सेई क्राव्चेन्को तेव्हा जेमतेम 14 वर्षांचा होता.

त्यातला एक प्रसंग सांगतो. फ्ल्योरा ग्लाशा नावाच्या मुलीबरोबर गावात परततो. घरात चिटपाखरू नाही. भट्टीतलं सूप अजून कोमट आहे. जमिनीवर बहिणींच्या बाहुल्या पडल्यात, माश्या घोंघावताहेत. दोघं चार घास खातात. मग 'ते बेटावर लपले असतील' असं म्हणत तो धावत सुटतो. मागून पळणारी ग्लाशा क्षणभर वळून बघते, तर घराच्या भिंतीशी प्रेतांची रास. फ्ल्योरा वळत नाही. क्लिमोवही तिथे रेंगाळत नाहीत. जे मुलाला सोसवणार नाही ते मुलीला आणि आपल्याला कळतं, आणि ते ओझं घेऊन आपण त्याच्यामागे दलदलीत शिरतो.

हा संयम अनुभवातून आलाय. सहलेखक आलेस आदामोविच स्वतः किशोरवयात पार्टिझनांत होते. क्लिमोव लहानपणी आईबरोबर जळत्या स्टालिनग्राडमधून व्होल्गा ओलांडून निसटले होते. माणसांसकट जाळलेल्या 628 गावांचा आकडा शेवटी पडद्यावर येतो. त्याआधी फ्ल्योरा डबक्यातल्या हिटलरच्या तसबिरीवर गोळ्या झाडतो, इतिहासाची चित्रफीत उलटी धावते आणि आईच्या मांडीवरल्या तान्ह्या हिटलरपाशी थांबते. तिथे त्याचं बोट अडतं. इतकं सोसूनही तो त्या बाळावर गोळी झाडत नाही. या एका क्षणी तो मला खरोखर मोठा झालेला दिसतो.

दुसरं उदाहरण: इसाओ ताकाहाता यांचा 1988चा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' आपण रडून सोडून देतो. ते पुरेसं नाही. आई गमावलेला 14 वर्षांचा सेईता नात्यातल्या बाईचे टोमणे सहन न होऊन धाकट्या बहिणीला, सेत्सुकोला, घेऊन बाहेर पडतो. हा त्याच्या वयाला शोभणारा, मानी निर्णय आहे; पण युद्धात त्या वयाची चूक पोटात घालायला कुणी उरलेलं नसतं.

म्हणून फिल्म सोसायट्यांच्या कार्यकर्त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. वर्षातून एक तरी खेळ नववी-दहावीच्या मुलांसाठी ठेवा, पालकांनाही शेजारी बसवा. सुरुवात 'फायरफ्लाइज'पासून करा. 'कम अँड सी' पोरं थोडी मोठी झाल्यावर. खेळानंतर आपण वडीलधाऱ्यांनी भाषणं करू नयेत. सेईतानं ते घर सोडायला हवं होतं का, एवढंच मुलांना विचारा आणि त्यांना बोलू द्या.