मूठभर गहू आणि सातबाऱ्यावरचं नाव

ट्रॅक्टरच्या टायरवर ‘अपोलो’ हे नाव तुम्ही पाहिलं असेल. पोरांच्या बुटावर ‘नाइकी’ असतं. ही दोन्ही नावं ग्रीस देशातल्या जुन्या कथांमधली. अपोलो हा प्रकाशाचा देव, नाइकी ही विजयाची देवी. आपण दुकानाला ‘लक्ष्मी’ नाव देतो, तसंच हे. नाव घेतलं की मागची कथा आठवते. एखादीच्या वाट्याला ‘सीतेचा वनवास’ आला म्हटलं, की पुढे काही सांगावं लागत नाही.

त्याच ग्रीक कथांमधली एक माय आज तुम्हाला सांगतो. तिचं नाव डेमेटर. ती धान्याची देवी. तिच्या लेकीला, पर्सेफोनीला, पाताळाच्या राजानं पळवून नेलं. मायनं रानोमाळ शोध घेतला. लेक सापडेना, तेव्हा ती रुसून बसली आणि वावरात दाणा उगवेनासा झाला. माणसं उपाशी मरू लागली, तेव्हा कुठे देवांचा राजा झ्यूस हलला. पण लेकीनं पाताळात डाळिंबाचे दाणे खाल्ले होते. म्हणून वर्षातले काही महिने तिथं आणि उरलेले मायजवळ, असा निवाडा झाला. लेक जवळ असली की पीक येतं, ती गेली की जमीन उजाड होते, असं ग्रीक लोक सांगत.

आता आपल्या जिल्ह्यात या. राळेगाव तालुक्यात रावेरी आहे. तिथल्या देवळात रामाशिवाय एकटी सीता आहे. रामानं सोडल्यावर सीता इथं आली, असं गावात सांगतात. लव-कुशासाठी तिनं घरोघरी मूठभर गहू मागितला. कुणी दिला नाही. तिनं शाप दिला, आणि पुढे कितीतरी काळ या गावात गहू पिकला नाही, अशी ही कथा.

दोन्ही कथांत बाईच्या दुःखानं धान्य थांबतं. पण फरक बघा. डेमेटरच्या हाती पीक होतं, म्हणून झ्यूसला तिचं ऐकावं लागलं. सीतेच्या हाती मूठभर गहूही नव्हता. उरला तो फक्त शाप.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी रावेरीच्या सीतेत टाकून दिलेल्या सगळ्या बायांचं दुःख पाहिलं. पडक्या देवळाचा जीर्णोद्धार त्यांच्याच पुढाकारानं झाला. 1986 साली चांदवडला शेतकरी बायांचं मोठं अधिवेशन भरलं. पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपली थोडी जमीन बायकोच्या नावावर केली. घरच्या लक्ष्मीचं देणं फेडायचं, ही त्यामागची भावना.

आपल्या जिल्ह्यात धनी गेल्यावर वावर एकटीनं ओढणाऱ्या बाया आपण सगळ्या ओळखतो. निंदण, वेचणी त्यांची, कर्जाचा तगादाही त्यांनाच. आणि कागदावर नाव? नवरा हयात असताना त्याच्या संमतीनं बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागू शकतं. तो गेला, तर बायको कायद्यानं पहिल्या वर्गातली वारस आहे. वारस नोंदीत फक्त मुलांची नावं लागली नाहीत ना, हे तलाठ्याकडे जाऊन पाहा.

गटाच्या पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरचा सातबारा आणा. ज्यांना वाचता येतं त्यांनी इतरींना वाचून दाखवा. आपलं नाव कुठं आहे, ते आपण मिळून शोधू. शाप देण्याची पाळी आपल्या लेकीवर यायला नको.

रामराम.