बिघडलेली पत आणि भाड्याचे बिऱ्हाड

(संस्थेच्या पालक-शिक्षक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नावे डावीकडे आणि जमा उजवीकडे, हे शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली. त्यामुळे मला विषय दिला गेला तो कर्जाचा. मी तो बिऱ्हाडापर्यंत ओढून नेणार आहे. हप्ते थकलेल्या माणसाला पहिला धक्का बँकेत बसतो, हे खरे. पण तो रडकुंडीला येतो घर शोधताना.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात शाळेच्या मुलांची व्हॅन चालवीत असे. गाडी कर्जाची. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, व्हॅन दारात उभी राहिली आणि कर्ज चालूच राहिले. पुढे गाडी विकून कंपनीशी त्याने एकरकमी तडजोड केली. कर्ज मिटले, असे त्याला वाटले. दोन वर्षांनी कोंढव्यात दोन खोल्या पाहिल्या तेव्हा भाडे बारा हजार आणि अनामत पन्नास हजार सांगितली गेली. अनामतीसाठी बँकेत अर्ज केला, तो सिबिलच्या आकड्यावर फेटाळला गेला. दलालानेही तोच अहवाल मागितला.

तेव्हा तो माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, करारावर मेहुण्याचं नाव घालतो. राहणार मी, सही त्याची. काय बिघडतं?"

वाचकहो, बिघडते ते इथेच. कराराप्रमाणे परवानाधारक मेहुणा. घरावरचा हक्क त्याचा, अनामत परत मिळणार ती त्यालाच. पोलीस ठाण्यात भाडेकरू म्हणून नोंद त्याचीच. मुलाच्या शाळेत पत्त्याचा पुरावा मागितला, तर तुम्ही दाखविणार काय? मेहुण्याशी भांडण झाले, तर तुम्ही त्या घरात कोण?

तोंडी बोलणीही नकोत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे धरले जाते. ते खोटे असल्यास मालकाने सिद्ध करावे. पुष्कळ मालकांना हे ठाऊक नसते. त्यांना ते सौम्य शब्दांत सांगावे. कायद्याचे पुस्तक घेऊन घर पाहायला जाऊ नये.

आता त्या अहवालाविषयी. पतमाहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आपल्याकडे आहेत : सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. आकडा 300 ते 900 असा असतो. तुमचा अहवाल घरमालकाला परस्पर मागवता येत नाही. तुम्ही दिलात तरच तो पाहतो. आणि तुम्हाला स्वतःला तो प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. वर्तमानपत्रातल्या जाहिराती पाहून "पत सुधारून देतो" म्हणणाऱ्यांना पैसे मोजणारे शिकलेले लोक मी पाहिले आहेत. वाईट वाटते.

आम्ही दोघांनी तो अहवाल मागवून ओळ न् ओळ वाचला. दोन गोष्टी निघाल्या. पहिली अशी, की रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट 2020 या काळात हप्त्यांना सवलत दिली होती, आणि ज्याला ती मिळाली त्याचा तो काळ थकबाकीत धरायचा नव्हता. याला सवलत मिळाल्याचा संदेश मोबाइलमध्ये होता, तरी दोन महिने थकलेले दाखविले होते. तक्रार केली, नोंद दुरुस्त झाली. अशा तक्रारीला तीस दिवसांची मुदत आहे. ती उलटली तर 2024 पासून दिवसाला शंभर रुपये भरपाईची तरतूद झाली आहे.

दुसरी नोंद मात्र खरी होती. खात्यापुढे 'क्लोज्ड' नव्हे, 'सेटल्ड' लिहिले होते. म्हणजे कर्ज पुरते फिटले नाही, कंपनीने काही रक्कम सोडून दिली. हा फरक सही करताना त्याला कुणी सांगितला नाही, आणि त्यानेही विचारला नाही.

मग मी त्याला म्हटले, दलालाला बाजूला ठेव आणि मालकीणबाईंना स्वतः भेट. तो गेला. बरोबर जुन्या घराच्या तीन वर्षांच्या भाडेपावत्या, आधीच्या मालकाचे दोन ओळींचे पत्र, विजेची भरलेली बिले आणि बँकेचे पासबुक. अहवालही त्यानेच पुढे ठेवला आणि व्हॅनची हकीकत सांगितली. बाई निवृत्त परिचारिका. त्यांनी पावत्या मोजल्या, अहवालाकडे फारसे पाहिले नाही. त्यांना प्रश्न एवढाच होता, की पाच तारखेला भाडे येईल का. हप्ते चुकले त्या काळातही याने भाडे चुकविले नव्हते, हे पावत्यांवर दिसत होते. पतीच्या आकड्यात ते कुठेच नव्हते.

अनामत वीस हजार आधी आणि उरलेली दरमहा तीन हजारांनी, असे ठरले. मी ते करारात लिहून घ्यायला लावले, प्रत्येक हप्त्याची पावतीही. तोंडी ठरलेली सवलत मालकाचा मुलगा परदेशातून आला की विसरली जाते.

अनामतीचा शेवटचा हप्ता फिटला आहे. तडजोडीत सुटलेली रक्कम तो आता थोडी थोडी बाजूला टाकतो आहे. ती भरून कंपनीकडून बाकी नसल्याचा दाखला घेईपर्यंत 'सेटल्ड' हा शब्द तिथून हलणार नाही.