सिनेमाची तबकडी आणि खेळाचे यंत्र



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून दोघा-तिघांनी आम्हांला वाटेतच गाठले. महागाईभत्ता आणि ग्रॅच्युइटी सोडून तुम्ही पोरांच्या खेळाकडे कधीपासून वळलात, असा त्यांचा सवाल होता. उत्तर एवढेच, की घरात आलेला पैसा कोणत्या वस्तूकडे जातो आणि का जातो, हे पाहण्यातच आमचे आयुष्य गेले. दिवाळीचा बोनस हातात पडल्यावर घरात जी वादावादी होते, ती आम्ही पुष्कळ वेळा ऐकली आहे. व्हिडिओ गेमचे यंत्र, ज्याला कन्सोल म्हणतात, ते चालते की पडते याचा निकालही बव्हंशी त्याच वादावादीत लागतो. पोराला खेळ हवा असतो आणि बापाला सिनेमा. पैसा मात्र बापाच्या खिशात असतो.

सिनेमा ज्या वस्तूत बसून प्रवास करतो, तिच्यावर किती जणांचे पोट असते हे अमरावतीकरांना आम्ही सांगायला नको. हिंदी चित्रपटांच्या व्यापाऱ्यांनी देशाचे जे वाटे पाडले, त्यांत सी. पी.-बेरार हा एक स्वतंत्र वाटा. आणि त्याचे वितरक भुसावळात नि आपल्या अमरावतीत बसत. मुंबईहून रिळांचे पत्र्याचे डबे यायचे आणि येथून गावोगावच्या टॉकीजना जायचे. पुढे तो सिनेमा डब्यातून निघून तळहाताएवढ्या चकचकीत तबकडीवर बसला. आपण तिला सरसकट सीडी म्हणतो. पण या सीड्यांच्या जाती निरनिराळ्या आहेत, आणि आजची सारी गोष्ट त्या जातींचीच आहे.

पहिली जात व्हीसीडीची. तिचे माप १९९३ साली ठरले. एका तबकडीवर सुमारे ७४ मिनिटांचे चित्र मावे, म्हणून हिंदी सिनेमाला दोन आणि कधी तीन तबकड्या लागत. चित्र काही फार स्वच्छ नसे, पण तबकडी स्वस्त आणि यंत्रही स्वस्त. ज्या वर्षांत आपल्याकडे भारनियमनाने रात्रीचे तास खाल्ले, त्या वर्षांत पहिली तबकडी संपायची, नायिका संकटात असायची आणि दुसरी लावावी तोच वीज जायची, हा अनुभव येथे बसलेल्या कित्येकांना असेल. दुसरी जात डीव्हीडीची. तिची यंत्रे १९९६ च्या अखेरीस प्रथम जपानात बाजारात आली. किरण बारीक, खाचा बारीक, म्हणून एका तबकडीवर अख्खा सिनेमा, तोही अधिक स्पष्ट.

आता जपानात चला. सोनी कंपनीने ४ मार्च २००० रोजी प्लेस्टेशन-२ हे खेळाचे यंत्र ३९,८०० येनांना विक्रीस काढले. खेळाचे यंत्र, पण त्यात डीव्हीडीही लागे. त्या काळी नुसती डीव्हीडी लावणारी कितीतरी यंत्रे याच किमतीची किंवा याहून महाग होती. घरात डीव्हीडीचे यंत्र घ्यायचेच आहे, तर त्याच पैशात खेळाचे यंत्र फुकट पडते, असा हिशेब बाप करू लागला. ज्या दिवशी खेळ आणि सिनेमा यांचा वाद मिटला, त्या दिवशी यंत्र खपले. २०१३ च्या आरंभी उत्पादन थांबेपर्यंत ते जगभर साडेपंधरा कोटींहून अधिक गेले.

त्याच्या प्रतिस्पर्ध्यांची दशा पाहा. सेगा कंपनीचे ड्रीमकास्ट १९९८ साली, म्हणजे आधी आले होते. त्याची तबकडी सेगाच्या स्वतःच्या मापाची, एक अब्ज अक्षरांच्या आसपास मावणारी. सिनेमाची डीव्हीडी त्यात चालत नसे. जानेवारी २००१ अखेर सेगाने हे यंत्र बंद करीत असल्याचे जाहीर केले. निन्टेन्डोच्या गेमक्यूबने तर आठ सेंटिमीटरची चिमुकली तबकडी घेतली. नकला होऊ नयेत हा त्यात एक हेतू होता. पण त्यात सिनेमाची तबकडी मावेचना. शेवटी पॅनासॉनिकने त्याच खेळयंत्राला डीव्हीडी जोडून 'क्यू' नावाचे वेगळे यंत्र जपानापुरते काढले. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सची तऱ्हा आणखी न्यारी. डीव्हीडीचे सगळे सामान पोटात असून सिनेमा पाहायचा तर रिमोटचा संच निराळे पैसे देऊन घ्यावा लागे. घर बांधून द्यायचे आणि किल्ली वेगळी विकायची, तसला हा प्रकार.

यावरून कोणी म्हणेल, सिनेमाची तबकडी घेतली की खेळाचे यंत्र जिंकते. आम्ही इतक्या लवकर मान डोलावणार नाही, कारण आमच्यासमोर वऱ्हाड आहे.

प्लेस्टेशन-२ साऱ्या जगात पसरत असताना अमरावती-अकोल्याच्या कामगारवस्तीत सिनेमा कशावर होता? व्हीसीडीवर. आणि प्लेस्टेशन-२ व्हीसीडी लावत नसे! राजकमल चौकात विकत घेतलेली किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातून भाड्याने आणलेली तबकडी त्या महागड्या यंत्रात घातली, तर उपयोग शून्य. गंमत अशी, की याच सोनीने आधीच्या प्लेस्टेशनचा एक पांढरा नमुना खास आशियातील बाजारासाठी काढला होता आणि तो व्हीसीडी लावत असे. म्हणजे आमच्यासारख्यांच्या घरात कोणती तबकडी आहे हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. पुढल्या यंत्रात मात्र ते ध्यानात धरले नाही.

मग येथे काय झाले? उलटेच झाले. तिकडे खेळाच्या यंत्राने सिनेमा पोटात घेतला. इकडे सिनेमाच्या यंत्राने खेळ पोटात घेतला. बाजारात स्वस्त डीव्हीडी प्लेअर आले. ते व्हीसीडी, डीव्हीडी, गाण्यांची तबकडी, जे घालाल ते लावीत. आणि त्यांच्या खोक्यात पुष्कळदा दोन जॉयस्टिक व शेकडो खेळांची एक तबकडी मिळे. खेळ जुनेच, कॅसेट खोचून खेळायच्या यंत्रांतले. त्यांतले अर्धे तर नाव बदलून पुन्हा तेच. पण पोराचे समाधान झाले, बापाचा सिनेमा झाला, वाद मिटला. आमच्या समजुतीप्रमाणे प्लेस्टेशनच्या यशाचे आणि आमच्या खोक्यातल्या जॉयस्टिकच्या यशाचे कारण एकच आहे. घर एकदाच खर्च करते आणि दोन्ही कामे त्यात करून घेते.

या काळातच मोझर बेअर नावाच्या आपल्या देशी कंपनीने सिनेमाच्या तबकड्यांचे भाव असे पाडले, की पदपथावर चोरट्या सीड्या विकणाऱ्यांचीही पंचाईत झाली. २००७ साली व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सोनीचे प्लेस्टेशन-३ भारतात आले, त्याची किंमत ३९,९९० रुपये. आम्हांला हिशेबाची सवय, म्हणून भागाकार केला. एका यंत्राच्या पैशात ११७६ डीव्हीड्या येतात. रोज एक सिनेमा पाहिला तरी तीन वर्षांहून अधिक पुरेल.

एवढी किंमत का? तर पुन्हा तबकडी! या वेळी सोनीने ब्ल्यू-रे ही नवी जात यंत्रात घातली. तांबड्या किरणाच्या जागी निळा किरण; एका थरात २५ गिगाबाइट, म्हणजे डीव्हीडीच्या पाचपटीहून अधिक. तोशिबाची एचडी डीव्हीडी ही तिची सवत. मायक्रोसॉफ्टने तिची बाजू घेतली, पण तिचे यंत्र एक्सबॉक्स-३६० ला बाहेरून जोडायचे ठेवले आणि त्याचे १९९ डॉलर वेगळे लावले. सोनीने मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गळ्यात ब्ल्यू-रे बांधली, हवी असो वा नसो. निळ्या किरणाचे सुटे भाग पुरेनात, म्हणून युरोपातली विक्री मार्च २००७ वर ढकलावी लागली. अमेरिकेत किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर. इतकी घेऊनही प्रत्येक यंत्रामागे तोटा. मार्च २००७ ला संपलेल्या वर्षात सोनीच्या खेळ विभागाचा तोटा २३२ अब्ज येन होता.

मालक असा तोटा उगाच सोसत नाही. १९८९ मध्ये सोनीने कोलंबिया ही चित्रसंस्था विकत घेतली होती. सिनेमा त्यांचा, तबकडीत वाटा त्यांचा, यंत्र त्यांचे. एका खिशातून गेलेले दुसऱ्या खिशात यायचे होते. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नरने ब्ल्यू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने हत्यार खाली ठेवले. तबकडीची लढाई खेळाच्या यंत्राने जिंकून दिली, यात शंका नाही. पण खेळाच्या बाजारात काय झाले? मागच्या पिढीत साडेपंधरा कोटींची मजल मारणारी कंपनी या वेळी पावणेनऊ कोटींच्या आसपास अडकली. आणि त्या पिढीत सर्वांच्या पुढे गेले ते निन्टेन्डोचे वी. त्यात ना डीव्हीडी सिनेमा चाले, ना ब्ल्यू-रे. हातवारे करून टेनिस खेळायचे, आजीनेही खेळायचे, किंमत कमी. ते दहा कोटींहून अधिक खपले. २००० साली बापाला डीव्हीडी हवीच होती. २००६ साली ब्ल्यू-रे कोणी मागितलीच नव्हती. न मागितलेल्या वस्तूची किंमत मागितलेल्या वस्तूवर चढवली, की माल अडतो. रेशनच्या दुकानात धान्यासोबत साबण घ्याच म्हटल्यावर रांगेत काय बोलणे होते, ते आठवा.

आज तर तबकडीच निघाली. २०२० साली प्लेस्टेशन-५ दोन प्रकारांत आले, तबकडीच्या खाचेचे आणि बिनखाचेचे. भारतातल्या किमती ४९,९९० आणि ३९,९९० रुपये जाहीर झाल्या. इतकी वर्षे जिची किंमत यंत्रात मुरवलेली होती, ती खाच दहा हजारांची असल्याचे तेव्हा छापूनच आले. बाकीच्यांनी सिनेमा आणि खेळ दोन्ही तारेवरून घ्यावे.

आणि ती ३४ रुपयांची तबकडी जे काढत होते, त्यांचे काय? मोझर बेअर १९८३ साली सुरू झाली ती वेळ नोंदणारी यंत्रे करण्यासाठी. आमच्या भाषेत हजेरीची घड्याळे. मग फ्लॉपी, मग सीडी, मग डीव्हीडी. कोऱ्या तबकड्यांच्या धंद्यात ती जगातल्या मोठ्या कारखानदारांत मोजली जाऊ लागली. तबकडीची मागणी आटली, कर्जे राहिली, आणि २०१८ साली कंपनीच्या विसर्जनाचा हुकूम झाला. तिच्या कामगारांच्या प्रकरणात अपील न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये सांगितले, की भविष्यनिर्वाह निधी, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी यांचा पैसा लिलावाच्या ढिगात धरता येणार नाही. बाकी देण्यांसाठी, दिवाळखोरी कायद्याच्या ५३ व्या कलमाने, विसर्जनाआधीच्या २४ महिन्यांपुरता कामगार बँकांच्या बरोबरीने रांगेत उभा राहतो. त्यापलीकडचे थकले असेल तर रांग फार मागे जाते. कंपनी कायद्यातला जुना अग्रहक्क परत मिळावा, म्हणून त्यांची कर्मचारी युनियन सर्वोच्च न्यायालयात गेली होती. २ मे २०२३ रोजी ती मागणी फेटाळली गेली.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे. कोणाच्या कंपनीचे असे प्रकरण चालू असेल, त्यांनी सभेनंतर थांबावे. येताना नेमणुकीचे पत्र आणि पगाराच्या चिठ्ठ्या आणल्या असतील तर उत्तम, नसतील तर उद्या आणाव्या.