येरळेच्या वाळूतून उभे राहिलेले धरण



महाबळेश्वरी वर्षास दोनशे इंचांवर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातील माणदेशास वीस इंचांची खात्री नाही. सांगलीकडील आटपाडी व जत यांची स्थितीही तीच. तेव्हा धान्य व कडबा वाटून आपले कर्तव्य संपले, असे आम्हांस वाटत नाही.

१९७२ च्या दुष्काळात लक्षावधी माणसे खडी फोडण्यास बसली. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात आधीच अजमावून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना तेव्हा राज्यभर गेली व १९७७ साली तिचा कायदा झाला. तो उपकार थोर खरा. तथापि फोडलेल्या खडीने पुढील साली विहिरीस पाणी येत नाही, ही तक्रार खानापूर तालुक्यातील लोकांनी धीटपणे मांडली. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून परतलेले कामगार त्यांत होते, आणि डॉ. भारत पाटणकर यांची मुक्ती संघर्ष चळवळ त्यांच्या पाठीशी होती. येरळेची वाळू ठेकेदार गाड्या भरभरून नेत व काठच्या विहिरी आटत. बलवडी व तांदुळवाडी या गावांनी ठरविले की, थोडी वाळू आपणच विकावी व त्या पैशांतून नदीवर बंधारा घालावा. परवानगीसाठी झगडावे लागले. श्रमदानास परगावचे विद्यार्थीही आले. तेच बळीराजा स्मृती धरण.

बांधकामाहून मोठी गोष्ट वाटणीची आहे. पाण्याचा हक्क जमिनीवर न ठेवता प्रत्येक कुटुंबास दिला, भूमिहीनांससुद्धा. आणि या पाण्यावर ऊस लावावयाचा नाही, असे ठरले. बागायतदारांस ही अट जाचेल, हे आम्ही जाणतो. आमच्यातही यावरून बराच वाद झाला. परंतु ज्याचा पाण्यात वाटा नाही, तो पहिल्याच कोरड्या साली गाव सोडतो. मग मळ्यास मजूर नाही, दुकानास गिऱ्हाईक नाही व उधारी वसूल होत नाही. व्यापारी मंडळींस हे आम्ही काय सांगावे!

हीच येरळा खटावात उगम पावून ब्रह्मनाळजवळ कृष्णेस मिळते. २०१९ च्या उन्हाळ्यात माण-आटपाडीत छावण्या होत्या आणि ऑगस्टात ब्रह्मनाळास महापुरात नाव उलटून माणसे गेली.

म्हणून विनंती अशी की, आपल्या देणगीचा अर्धा भाग चाऱ्यास व अर्धा पाणी अडविण्याच्या कामास लावण्याची मुभा आम्हांस द्यावी. जमीनदारांनी पाझर तलावापुरती जागा द्यावी. ज्या गावची ग्रामसभा भूमिहीनांचा वाटा लेखी मान्य करील, तेथेच हा पैसा खर्ची पडेल. वर्गणी खजिनदारांकडे द्यावी व पावती अवश्य मागून घ्यावी.